जबाबातलं वाक्य

ज्या माणसाचा उजवा अंगठा माझ्या हलगर्जीपणामुळे निकामी झाला, ते आमच्या गावचे पोस्टमन होते. मी त्यांना काका म्हणायची. ते मला बाय म्हणायचे, आमच्याकडे लहान मुलींना म्हणतात तसं, आणि मी एकोणीस वर्षांची झाले तरी म्हणायचे. माझे वडील गावच्या प्राथमिक शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. काका सातवीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकले होते, त्यामुळे वडील त्यांना अरे-तुरे करायचे आणि ते वडिलांना गुरुजी म्हणायचे.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या मधल्या वर्षांची. मुंबईतला गिरण्यांचा संप फिसकटून गेला होता. गावी परत आलेल्यांपैकी काही जण पुन्हा मुंबईला कुठे कुठे लागले होते आणि मनिऑर्डरी परत यायला लागल्या होत्या. रत्नागिरीहून आमच्या बाजारात यायला एसटीला दोन तास लागायचे आणि बाजारापासून आमचं गाव तासाभराच्या चालीवर. काका रोज सकाळी बाजारातल्या पोस्टातून थैली घेऊन निघायचे आणि पाच वाड्या पायी फिरायचे. खात्याचे ते कायम नोकर नव्हते. रजा घ्यायची झाली तर बदली माणूस त्यांनीच द्यायचा, असा नियम होता.

वाटेत दोन साकव लागायचे. साकव म्हणजे पऱ्ह्यावर, पावसाळी ओढ्यावर, टाकलेले पोफळीचे दोन ओंडके. पावसात ते बुळबुळीत होत. त्या भीतीने काकांनी अपघाताचा विमा उतरवला होता. बाजारातल्या हायस्कूलमधले एक मास्तर जोडधंदा म्हणून विम्याचं काम करायचे, त्यांनी गळ घातली होती. "साकवावरनं पडलो तर घरात काय तरी येईल," असं काका एकदा माझ्या आईला म्हणाले होते.

आमच्या घराभोवती चिऱ्यांचा गडगा होता आणि आत शिरायला बांबूचं बेडं. काका बेड्याबाहेर उभे राहून हाक मारायचे. मी किंवा आई जाऊन पत्रं घ्यायची. आईने चहा दिला तर ते खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभे राहून घेत. त्यांचा कप निराळा होता, तो पडवीच्या खिडकीत पालथा असायचा. काका बौद्धवाडीतले, आणि तिथलं कुणीच आमची पायरी चढत नसे. चढू नका असं कुणी तोंडाने म्हटल्याचं मला आठवत नाही. चढा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

कुत्रा राखणीचा होता. आंब्या-काजूच्या दिवसांत चोऱ्या होत म्हणून वडिलांनी तो पिल्लू असताना आणला होता. मोठा झाल्यावर तो घरातल्या तिघांशिवाय कुणालाच ओळखेना. दिवसा तो मागच्या खोपीपाशी साखळीला असायचा. सकाळी त्याला बांधायचं काम वडिलांचं आणि ते घरी नसले तर माझं.

त्या दिवशी वडील पहिल्या गाडीने पेन्शनच्या कामाला रत्नागिरीला गेले होते. मार्च महिना होता. मी पडवीत बसून ओल्या काजूबिया चिरून गर काढत होते. हात चिकाने काळे झाले होते. आई विहिरीवर होती. बेड्यापाशी काकांची हाक आली.

"रजिस्टर हाय गो बाय. सही लागेल."

मुंबईच्या चुलत्यांकडून बागेचे कागद यायचे होते, ते असणार. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "काका, माझे हात चिकाचे झालेत. तुम्हीच वर या ना. मी तोवर हात धुते."

ते जरा थांबले. मग त्यांनी विचारलं, "कुत्रा?"

"बांधलाय," मी म्हटलं.

मी बांधला नव्हता. सकाळी उठून मी सरळ कामाला लागले होते आणि वडील नाहीत हे डोक्यातून गेलं होतं. वळून बघायलाही मी उठले नाही. रोज बांधलेला असतो, म्हणून आजही असेल, एवढाच विचार त्या शब्दामागे होता.

काकांनी बेडं सरकवलं, खळं ओलांडलं, पहिल्या पायरीवर पाय ठेवला. कुत्रा घराच्या बाजूने आला तो भुंकलासुद्धा नाही. त्याने उजवा हात धरला, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात, आणि सोडेना. काका पायरीवर बसले. मी कोयता टाकून धावले, कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा ओढला, मागून आई घागर टाकून आली. आम्ही दोघींनी मिळून त्याला सोडवलं, तोवर बराच वेळ गेला. म्हणजे मला तसा वाटला. काका ओरडले नव्हते. त्यांचं रक्त पायरीवर होतं आणि माझ्या परकरावर होतं.

आईने साबणाने हात धुतला, फडकं बांधलं आणि शेजारच्या गड्याला सोबत देऊन त्यांना बाजारातल्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी जखम धुतली, टाके घातले नाहीत आणि त्यांना सिव्हिलमध्ये जायला सांगितलं. तेव्हा कुत्रा चावला की बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, रोज एक. काका रत्नागिरीत एका नातेवाइकाच्या खोलीवर राहिले आणि चौदा दिवस रोज सिव्हिलमध्ये जाऊन पोट पुढे करत राहिले. कुत्र्याला काही झालेलं नव्हतं. तो साखळीला बांधलेला, भाकरी खाऊन झोपत होता. पण काकांच्या हाताची जखम चिघळली, पू झाला, दोनदा चिरावी लागली.

त्या दिवशी संध्याकाळी वडील परत आले तेव्हा आईने त्यांना सगळं सांगितलं. ते हातपाय न धुता पडवीत बसले आणि मला समोर बोलावलं.

"तो वर कसा आला?"

मी बोटांवरचा काळा चीक खरवडत राहिले.

"तू बोलावलंस का?"

"नाही," मी म्हटलं.

वडील मारणारे नव्हते, रागावलेही नसते फारसे. तरी मी नाही म्हटलं. बोलावलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न कुत्र्याचा आला असता, आणि मी त्याला बांधला नव्हता हे कबूल करावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी गाडीभाड्याचे आणि औषधाचे पैसे काकांच्या घरी पोचवले. आपलं कर्तव्य झालं असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटावं म्हणून मी बराच प्रयत्न केला.

काकांच्या जागी त्यांची बायको थैली घेऊन यायला लागली. चौथी झालेली होती, पत्ते वाचता येत होते. सकाळी बाजारात जायचं, थैली घ्यायची, पाच वाड्या करून दुपारी घरी जाऊन भात शिजवायचा. ती बेड्याबाहेर उभी राहायची, पण हाक मारायची नाही. बेड्याचा बांबू दोनदा वाजवायची. मी गेले की पत्र द्यायची, सही घ्यायची आणि निघायची. एकदा मी विचारलं, "हात कसा आहे काकांचा?" ती म्हणाली, "हाय," आणि गेली.

मे महिन्यात विम्याचे मास्तर आमच्याकडे आले. काकांचा अर्ज भरायचा होता. डॉक्टरांचा दाखला झाला होता, आता ज्या घरी अपघात घडला त्या घरच्या माणसाचा जबाब हवा होता. वडिलांनी टेबलावर फुलस्केप कागद घेतला, शाईचं पेन भरलं आणि जबाब लिहिला. वडिलांचं अक्षर सुंदर होतं. लिहून झाल्यावर त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. तारीख, वेळ, कुत्रा आपला आहे, तो चावला, सगळं लिहिलं होतं. शेवटी एक वाक्य होतं: "सदर इसम एरवी कधी आमची पायरी चढत नाहीत, त्या दिवशी ते कोणीही बोलावले नसता वर आले."

मास्तरांनी मान हलवली. मी दाराशी उभी होते. तेव्हा बोलता आलं असतं. कागदाची शाई अजून ओली होती. पण मास्तर समोर होते, आई चहा घेऊन आली, वडिलांनी कागदावर टीपकागद दाबला आणि घडी घातली.

काका जूनच्या शेवटी कामावर परत आले. थैली आता ते डाव्या खांद्याला लावायचे आणि पत्रं डाव्या हाताने काढायचे. उजवा अंगठा तळव्याकडे वळून राहिला होता आणि शेजारचं बोट अर्धंच वाकत होतं. पूर्वी ते लोकांची मनिऑर्डरीची पावती तिथल्या तिथे लिहून द्यायचे, मुंबईला पत्र पाठवायचं असेल तर तेही लिहायचे. ते सगळं बंद झालं. लोक पत्र लिहून घ्यायला माझ्याकडे यायला लागले.

जुलैत एके दिवशी ते भर पावसात बेड्याशी आले. डोक्यावर इरलं होतं. त्यांनी हाक मारली ती माझ्या नावाची. मी छत्री घेऊन गेले. त्यांनी थैलीतून एक लांबट पाकीट काढलं.

"माज्याच नावचं हाय. मीच मला आणलंय," ते म्हणाले. "इंग्रजीत हाय. कंपनीनं काय लिवलान ते वाच."

मी त्यांना खळ्यातल्या मांडवाखाली घेतलं आणि पत्र उघडलं. एकच पान होतं. वाचत वाचत मी मराठीत सांगत गेले. तुमचा अर्ज मिळाला. कागदपत्रं तपासली. हाताचा कुठलाही भाग शरीरापासून वेगळा झालेला नसल्यामुळे कायमचं नुकसान झालं असं धरता येत नाही. आणि घरमालकाच्या जबाबावरून असं दिसतं की तुम्ही परवानगीशिवाय खासगी आवारात शिरलात, सबब तुमचा दावा मान्य करता येत नाही.

वडिलांचं वाक्य रत्नागिरीला जाऊन इंग्रजी होऊन परत आलं होतं, आणि ते मुळात माझं होतं.

मांडवाच्या झापांतून पाणी गळत होतं.

"परवानगीशिवाय म्हंजे चोरून?" त्यांनी विचारलं.

"तसंच काहीसं."

"पण तूच बोलावलं होतंस ना गो मला?"

ते भांडत नव्हते. आपल्याला आठवतंय ते बरोबर आहे का, हे विचारत होते. तीन-चार महिने आजारात गेले, इंजेक्शनं, ताप. कदाचित आपलंच काही चुकत असेल असं त्यांना खरोखर वाटलं असावं. ते मला सहन झालं नाही.

"हो," मी म्हटलं. "मीच बोलावलं. कुत्रा बांधलाय असंही मीच म्हटलं. मी घरी खोटं सांगितलं."

त्यांनी पत्राची घडी डाव्या हाताने घालायचा प्रयत्न केला. ती नीट होईना, म्हणून मी घालून दिली. ते पाकीट थैलीत टाकून पुढच्या वाडीला गेले.

त्याच दुपारी मी वडिलांना सांगितलं. ते झोपाळ्यावर होते. त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला.

"म्हणजे मी खोटा जबाब लिहिला," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"सही माझी आहे." ते उठले, आत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. जेवताना आईने माझ्या ताटात वाढलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. सतरा-अठरा दिवस वडील माझ्याशी बोलले नाहीत.

दरम्यान मी बाजारात जाऊन विम्याच्या मास्तरांना गाठलं. ते शाळा सुटून घरी निघाले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "एकदा नकार आला की फाईल बंद करतात," ते म्हणाले. "पण शाखेत जाऊन साहेबांना भेटा. नवा जबाब द्या. तुमचा आणि जमलं तर गुरुजींचाही. आणि हात बघून सिव्हिलच्या सर्जनचा दाखला घ्या. हात तुटला नसला तरी उपयोगाचा राहिला नाही, असं डॉक्टरने लिहिलं तर काही होईल."

ऑगस्टमध्ये मी आणि काका रत्नागिरीला जायला निघालो. आदल्या दिवशी वडिलांनी मला हाक मारून एक कागद दिला. बोलले तेवढंच, "हा दे तिथे." मी तो तिथेच उघडला. त्यात लिहिलं होतं, माझ्या आधीच्या जबाबातला 'कोणीही बोलावले नसता' हा मजकूर चुकीचा आहे. माझ्या मुलीने मला खरी हकीकत न सांगितल्यामुळे तो लिहिला गेला. तिने त्यांना स्वतः बोलावले होते व कुत्रा बांधलेला असल्याचे सांगितले होते. बाकीचा मजकूर कायम आहे.

"बाकीचा म्हणजे?" मी विचारलं.

"बाकीचा."

"एरवी ते पायरी चढत नाहीत, तेही?"

"ते खरंच आहे," वडील म्हणाले.

"ते काढून टाका ना, अण्णा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते खरं आहे," ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी आवाज जरा वेगळा आला. त्यांनी ते वाक्य काढलं नाही.

एसटीत काका आणि मी शेजारी बसलो. आमच्या वाडीतल्या दोघांनी ते पाहिलं, आणि पुढे गावात त्यावर बोलणं झालं हे मला नंतर कळलं. प्रवासात काकांनी मला फक्त साकवाबद्दल सांगितलं. एका साकवाचा ओंडका कुजला होता आणि ग्रामपंचायत लक्ष देत नव्हती.

विमा कंपनीची शाखा एका दुकानाच्या माडीवर होती. साहेब घाटावरचे होते, चाळिशीचे, बोलणं कोल्हापूरकडचं. त्यांनी फाईल शोधायला शिपायाला पाठवलं, ती यायला एक तास लागला. मग त्यांनी वडिलांचे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले.

"मुलगी म्हणजे तुम्हीच काय?"

"हो."

"पहिल्यांदा खोटं का सांगितलं?"

"कुत्रा बांधायचा मी विसरले होते. ते कळू नये म्हणून."

"म्हणजे चूक तुमची."

"हो."

"हे असंच लिहू?"

"लिहा," मी म्हटलं. माडीवर आणखी तीन-चार माणसं बसलेली होती. सगळी ऐकत होती.

साहेबांनी लिहिलं. मग ते काकांकडे वळले. "हे दुसरं काय लिहिलंय यांनी? एरवी पायरी चढत नाहीत. का चढत नाही तुम्ही?"

काका उभे होते. खुर्ची असूनही बसले नव्हते. ते म्हणाले, "गरज लागत नाय, साहेब."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या वाक्याबद्दल पुढे काही विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "बसा की खुर्चीत." काका बसले.

मग साहेबांनी नियम समजावला. पॉलिसीच्या मागे एक तक्ता छापलेला होता. हात गेला तर इतकं, अंगठा गेला तर इतकं, बोट गेलं तर त्याहून कमी. "गेला म्हणजे तुटला, किंवा जागेवर असून कायमचा निरुपयोगी झाला. तुमचा जागेवर आहे. निरुपयोगी आहे हे मी ठरवू शकत नाही, सर्जनने ठरवायचं."

"आणि तुटला असता तर दाखला लागला नसता?" काकांनी विचारलं.

"तरी लागला असता. पण वाद झाला नसता."

काकांनी आपला हात टेबलावर ठेवून जरा वेळ बघितला. "मग तोडून आणला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. साहेबांनी मान खाली घातली.

त्यांनी माझा जबाब प्रतिज्ञापत्रावर मागितला. आम्ही तहसील कचेरीत गेलो, बाहेरच्या टायपिस्टकडून तो टाइप करून घेतला, शिक्का होईपर्यंत उभे राहिलो आणि विम्याची शाखा बंद व्हायच्या आत तो माडीवर नेऊन दिला. सर्जनची वेळ पुढच्या आठवड्याची मिळाली. म्हणून आम्ही पुन्हा गेलो.

सर्जननी फार प्रश्न विचारले नाहीत. त्यांनी टेबलावर एक नाणं ठेवलं आणि उजव्या हाताने उचलायला सांगितलं. काकांनी प्रयत्न केला. नाणं टेबलावरून सरकत कडेपर्यंत गेलं आणि खाली पडलं. मी वाकून उचलून परत ठेवलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मग शर्टाचं बटण लावायला सांगितलं, पेन्सिल धरायला सांगितली. पेन्सिल त्यांनी दोन बोटांच्या फटीत अडकवून धरली आणि कागदावर आपलं नाव लिहायला लागले. पहिली दोन अक्षरं झाली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. सर्जन म्हणाले, "पुरे." पण त्यांनी आडनावापर्यंत लिहून पूर्ण केलं. आमच्या गावातल्या कितीतरी घरांतली पत्रं त्या हाताने लिहिलेली होती. त्या कागदावरचं नाव पहिलीतल्या पोराने काढल्यासारखं दिसत होतं.

अंगठा कायमचा निरुपयोगी, शेजारचं बोट अंशतः, असा दाखला मिळाला.

निकाल यायला दिवाळी उजाडली. कंपनीने अंगठ्याचं मान्य केलं. कामावर जाता आलं नाही त्या आठवड्यांचंही मान्य केलं. बोटाचं नाकारलं, कारण ते थोडं हलत होतं. सोबत एक छापील पावती होती, तिच्यावर तिकीट लावून सही करून पाठवली की चेक येणार होता. ती भरायला मी काकांच्या घरी गेले. त्यांच्या घरी जायची माझी ती पहिलीच वेळ. आमच्याकडून पायवाटेने दहा मिनिटांवर ते घर होतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली शेणाने सारवलेली स्वच्छ जमीन. त्यांनी माझ्यासाठी घोंगडी पसरली.

"ह्यात काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण आणि शेवटचं मिळालं, यापुढे या अपघाताबद्दल काही मागणार नाही, असं."

"बोटाचं काय?"

"साहेबांच्या वरच्यांना लिहिता येईल. मी लिहून देते. पण मग हेही थांबेल. किती दिवस, सांगता येत नाही."

त्यांची बायको चुलीपाशी बसून तांदूळ निवडत होती. इतक्या महिन्यांत ती माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलली नव्हती. ती न वळता म्हणाली, "माज्या तीन म्हयन्यांचं त्यांच्या तक्त्यात काय हाय का, ते इचारा तिला."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. तीन महिने तिने थैली वाहिली होती. पाच वाड्या, दोन साकव, पावसाचे पहिले आठवडे. कामावर न गेलेल्या आठवड्यांची भरपाई काकांना मिळाली होती, पण काम तर थांबलंच नव्हतं. ते तिने केलं होतं. घरातलं करून.

"नाही," मी म्हटलं. "तसं काही नाही."

"मंग करा सही," ती नवऱ्याला म्हणाली.

काकांनी डाव्या हाताने सही केली. ती पॉलिसीवरच्या सहीशी जुळली नाही म्हणून कागद एकदा परत आला. मग पोस्टमास्तरांनी डाव्या हाताची सही त्यांचीच असल्याचं लिहून दिलं. चेक आला तेव्हा थंडी पडली होती. त्यातून त्यांनी घरावर कौलं घातली.

कुत्रा वडिलांनी त्या पावसाळ्यातच डोंगरापलीकडच्या एका बागायतदाराला देऊन टाकला. तो कुठे आहे हे मी कधी विचारलं नाही. खिडकीतला निराळा कप काही वर्षं तिथेच होता. मी त्याबद्दल आईशी बोलले, दोनदा. तिसऱ्यांदा बोलले नाही, याचं मला वाईट वाटतं. पुढच्या वर्षी मला डी.एड.ला प्रवेश मिळाला आणि मी घर सोडलं. नोकरी लागली ती दुसऱ्या तालुक्यात.

बऱ्याच वर्षांनी, काका वय झाल्यामुळे कामावरून उतरले होते तेव्हा, ते मला रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर भेटले. मुलीकडे निघाले होते. आम्ही बाकावर बसलो. मी चहा आणला. इतकी वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते मी बोलले. मी म्हटलं, "काका, त्या वेळी मी खोटं बोलले. मला माफ करा."

त्यांनी पेला डाव्या हातात धरला होता. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत.

"उशीर केलास बाय," ते म्हणाले. "मार्चमधी सांगितलं असतंस तर पाऊस लागायच्या आत झालं असतं. सगळा पावसाळा गेला बघ त्यात."

"हो."

"तिचे हाल झाले फार. साकवावर एकदा पडली ती. तुला ठावं नसेल."

मला ठाऊक नव्हतं.

"कुठे लागलं का?"

"गुडघ्याला. अजून दुखतो थंडीत." त्यांनी चहा संपवला. मग विचारलं, "शाळेत किती पोरं हायत तुज्या?"

मी सांगितलं, सत्तावीस. त्यातल्या मुली किती, हेही त्यांनी विचारलं. फलाटावर गाडी लागली तेव्हा मी त्यांची पिशवी उचलायला गेले. त्यांनी ती मला उचलू दिली.